पोथीचा आधार : पठण, अर्थ आणि अधिकार

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावरच्या एखाद्या दुकानात ज्ञानेश्वरी मागितली, की विक्रेता उलट विचारतो, "पारायणाची हवी की सार्थ?" पारायणाच्या प्रतीत मोठ्या टायपात नुसत्या ओव्या असतात, सार्थ प्रतीत ओवीखाली अर्थ. ग्रंथ तोच, ओव्या त्याच, सुमारे नऊ हजार. पण या दोन प्रती घेणाऱ्यांना ग्रंथाकडून हवे असते ते वेगवेगळे, आणि त्यांपैकी खरे कोणते यावरचा वाद ज्ञानेश्वरीपेक्षाही जुना आहे.

घरात कोणी गेले, दुखणे लांबले, कोर्टाचे प्रकरण मिटेना, की अनेक मराठी घरांत चौरंगावर पोथी येते. वाचणाऱ्याला त्यातून आधार मिळतो, हे आजवर कोणी फारसे नाकारलेले नाही. प्रश्न पुढचे आहेत. तो आधार शब्दांच्या उच्चारातून मिळतो, अर्थातून मिळतो, की वाचनाभोवतीच्या नेमातून आणि माणसांतून? तो माणसाला उभे करतो की बसवून ठेवतो? आणि तो घेण्याचा अधिकार कोणाकोणाला होता? हा आढावा मुख्यतः मराठी व्यवहाराचा आहे. बाहेरचे दाखले गरजेपुरतेच घेतले आहेत.

वादाचे मूळ

अर्थ कळल्याशिवाय केलेले पठण चालते का, ही शंका थेट वेदांपाशी जाते. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदलेले आहे. मंत्रांना अर्थच नसतो, त्यांचे सामर्थ्य ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या शब्दांत ते म्हणण्यात आहे, असे तो म्हणतो. यास्काने त्याचे खंडन केले. आंधळ्याला खांब दिसत नसेल तर तो खांबाचा दोष नव्हे, असे त्याचे उत्तर. हा निकाल यास्काच्या बाजूने लागला असे पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाते, पण घरोघरच्या व्यवहारात कौत्स कधी हरला नाही.

शरण जाणे म्हणजे काय, यावरही मतभेद झाले. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी सगळे सोडून शरण येण्याचा उपदेश आहे. रामानुजांच्या परंपरेत त्यावरून पुढे दोन शाखा झाल्या. माकडाचे पिल्लू आईला स्वतः धरून ठेवते, तसे भक्तानेही काही करावे लागते, असे वडकलै म्हणतात. मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाला काहीच करावे लागत नाही, असे तेनकलै म्हणतात. मराठी संप्रदायांत अशी उघड फाळणी झाली नाही, तरी पारायणाला बसलेल्यांत दोन्ही वृत्ती सहज ओळखू येतात.

ग्रंथ मराठीत आले तेव्हा

या प्रश्नाला मराठीत वेगळे वळण मिळाले, कारण इथे धर्मग्रंथ बोलीत उतरले. महानुभावांनी चक्रधरांच्या आठवणी लीळाचरित्रात गद्यात नोंदल्या आणि मराठीलाच धर्मभाषा मानले. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवर ओवीबद्ध टीका सांगितली. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकनाथांच्या या दुसऱ्या कामाकडे बारकाईने पाहायला हवे. पाठांतून वाढलेल्या चुका काढण्याची गरज त्यांना वाटली, म्हणजे तोवर ग्रंथ पुष्कळ वाचला जात होता आणि काय वाचतो आहोत याची फिकीरही कोणाला तरी होती.

अशा ग्रंथांची ओढ किती खोल होती, याची साक्ष गोव्यात मिळते. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मोपदेशक साष्टी भागात काम करत होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणे सुटली होती आणि त्या जागी वाचायला त्यांच्यापाशी काही नव्हते. ही उणीव त्यांनीच त्याच्यापुढे मांडली, असे ग्रंथातच आले आहे. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. धर्म बदलला तरी ओवी ऐकत बसण्याची सवय बदलली नाही. आधार कशात असतो या प्रश्नावर मला तरी हा पुरावा कोणत्याही तात्त्विक चर्चेपेक्षा बोलका वाटतो.

पुढच्या शतकांत ही यादी वाढतच गेली. दासबोध, श्रीधरांचे हरिविजय आणि पांडवप्रताप, महिपतींचा भक्तिविजय ही पोथ्यांची पिढी झाली. विसाव्या शतकात गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंतांचे साईसच्चरित आले, दासगणूंचा गजानन विजय आला. ओवी आणि अध्याय हा साचा मात्र तोच राहिला.

पठणाची बाजू

पठणवाद्यांचे सर्वांत ठाशीव उदाहरण म्हणजे सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राचा सप्ताह. संकल्प सोडायचा, सात दिवस एकाच वेळी एकाच आसनावर बसायचे, अध्यायांची वाटणी मोडायची नाही, आहार सात्त्विक, निजणे चटईवर, शेवटी सांगता आणि जेवण. अर्थ लागला की नाही, हे कोणी विचारत नाही. या बाजूचे म्हणणे असे की ग्रंथ ही गुरूची वाङ्मयमूर्ती आहे. मूर्तीचा अर्थ विचारायचा नसतो, तिच्यापुढे बसायचे असते.

ही श्रद्धा कुठवर जाते, हे साईसच्चरिताच्या सत्ताविसाव्या अध्यायात दिसते. साईबाबा एका रामदासी माणसाची विष्णुसहस्रनामाची पोथी आपल्या शामा या भक्ताला देऊ करतात. आपल्या छातीत धडधड होऊ लागली तेव्हा ही पोथी हृदयाशी धरली आणि बरे वाटले, असे ते सांगतात. म्हणजे इथे वाचनही नाही, नुसता स्पर्श. शामाला संस्कृत उच्चार जमत नव्हते, पण त्याच कथेचा शेवट असा की पुढे त्याने सहस्रनामाचा इतका अभ्यास केला की एका प्राध्यापकाला तो त्याचे विवरण करून सांगू लागला. पठणवादी यातला पूर्वार्ध सांगतात, अर्थवादी उत्तरार्ध. ग्रंथकाराने दोन्ही एकाच अध्यायात ठेवले आहेत.

फलश्रुतीचा मुद्दा मात्र या बाजूला अडचणीचा ठरतो. अमुक अध्याय वाचला की अमुक संकट टळते, हे वाक्य अक्षरशः घ्यायचे का? मीमांसकांनी अशा स्तुतिपर वाक्यांसाठी अर्थवाद ही कोटी ठेवली होती. माणसाला विधीकडे वळवणे हे त्यांचे काम. त्यांचा शब्दशः अर्थ धरून बसायचे नसते. आजचे बरेच जाणते प्रवचनकार हीच वाट धरतात. पोथीच्या प्रस्तावनांत आणि घरगुती बोलण्यात मात्र फळाचा हिशेब सर्रास अक्षरशः होतो.

अर्थाची बाजू

वारकरी सप्ताहाकडे पाहिले तर असे दिसते की या परंपरेने पठण सोडले नाही, पण त्याला एकटेही ठेवले नाही. पहाटे काकडा, सकाळी व्यासपीठ चालकाबरोबर ज्ञानेश्वरीचे पारायण, मग गाथा भजन, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सकाळी जे नुसते म्हटले, त्यातल्या काही ओव्या दुपारी उलगडतात. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती कीर्तनकाराला ग्रंथ नीट कळावा म्हणून. सोनोपंत दांडेकरांसारखा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक याच परंपरेत राहिला आणि त्याने ज्ञानेश्वरीची अभ्यासपूर्ण आवृत्ती दिली.

सुधारकांनी अर्थावर आणखी भर दिला. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तुकारामांच्या अभंगांवर उपासना चालवली. तिथे सोवळे नव्हते, फलश्रुती नव्हती, अभंगातला भाव आणि विचार तेवढा घेतला. टीकाकारांनी म्हटले की ही उपासना सुशिक्षितांपुरती राहिली, आणि ते खरेही होते.

तुरुंगातल्या गीतावाचनाचा इथे वेगळा उल्लेख हवा. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने गीतारहस्य लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. श्रोत्यांत राजकीय कैदी होते, त्यांच्यापुढे अनिश्चित काळ होता. टिळकांना गीतेत कर्मयोग दिसला, विनोबांना साम्य आणि अनासक्ती. दोघांनीही ग्रंथाशी वाद घातला, आधीच्या भाष्यकारांना बाजूला सारले. अर्थाशी झटण्यातूनही माणूस सावरतो, हे त्यांच्या उदाहरणातून दिसते. मात्र ही वाट टिळक-विनोबांच्या तयारीची माणसे चालू शकतात. काल अंत्यसंस्कार आटोपलेल्या घरात गीतारहस्य उघडले जात नाही, हरिपाठ उघडला जातो.

आधार की पळवाट?

संतवाङ्मयाने महाराष्ट्राला बळ दिले की निवृत्त केले, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रंगला. रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरच्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीला त्या उदयाच्या पायाशी ठेवले. इतिहासाचार्य राजवाड्यांना ते मान्य नव्हते. संतांचा धर्म सहिष्णू, सोसणारा होता. रामदासांचा महाराष्ट्रधर्म जयिष्णू, जिंकू पाहणारा, अशी त्यांची मांडणी. गं. बा. सरदार यांच्या 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' या १९५० सालच्या पुस्तकाने या वादाला तोल दिला. संतांनी आध्यात्मिक समतेचा दरवाजा उघडला, पण समाजव्यवस्था बदलण्याची साधने त्यांच्या काळाने त्यांना दिली नव्हती, असा त्यांचा साधारण निष्कर्ष. पुढे सदानंद मोरे आणि आ. ह. साळुंखे यांनी तुकारामांवर वेगवेगळ्या अंगांनी लिहिले आणि निवृत्त तुकाराम हे चित्र बरेच मागे पडले.

विवेकवाद्यांची भूमिका पुष्कळदा चुकीची सांगितली जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा रोख शोषण करणाऱ्या प्रथांवर होता. देवाधर्माबाबत आपली संघटना तटस्थ आहे, असे ते सांगत. त्यांच्या हत्येनंतर २०१३ च्या डिसेंबरमध्ये संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना स्पष्टपणे कक्षेबाहेर ठेवले. त्यामुळे पोथी विरुद्ध विवेक असा सामना सभांत जेवढा दिसतो, तेवढा कायद्याच्या मजकुरात नाही. खरा मतभेद एवढाच उरतो की आजारपणात पोथी औषधाबरोबर वाचायची की औषधाऐवजी.

अधिकार कोणाचा?

पठण की अर्थ, या वादात दोन्ही पक्षांनी बराच काळ गृहीत धरले की वाचणारा वाचू शकतो. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपल्या आत्मपर अभंगांत स्त्रीला वेदशास्त्राचा अधिकार नाही याची खंत मांडली. तुकारामांना गुरू मानले म्हणून नवऱ्याचा मारही सोसला. गुरुचरित्र स्त्रियांनी वाचू नये, असे दत्तसंप्रदायातील एक परंपरा वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबेस्वामींच्या मताचा हवाला देऊन आजही सांगते. दुसरा पक्ष विचारतो की मूळ पोथीत असा निषेध कुठे आहे. प्रत्यक्षात अनेक घरांत आणि केंद्रांत स्त्रिया हा ग्रंथ वाचतात. पण त्याच पोथीत पतिव्रताधर्माचे आणि विधवेच्या आचाराचे अध्याय आहेत. ते वाचताना आजची वाचक काय करते, ते श्रद्धेने म्हणते की मनात बाजूला ठेवते, याकडे या वादात कोणीच फारसे वळलेले नाही.

जातीचा प्रश्न याहून कठोर आहे. महात्मा फुल्यांनी धर्मग्रंथांचे प्रामाण्यच नाकारले आणि पर्याय म्हणून सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा होता. १९२० च्या 'मूकनायक'वर तुकारामांचा अभंग होता, १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. त्याच १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९३६ च्या 'जातिसंहार'विषयक निबंधात त्यांनी शास्त्रांचे प्रामाण्य मोडल्याशिवाय जात मोडणार नाही असे सांगितले, आणि संतांनी जातिव्यवस्थेवर घाव घातला नाही असेही म्हटले. तरी १९४८ चे अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी आणि लाखो अनुयायांनी त्रिशरण घेऊन बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ विहारांतून वर्षावासाच्या तीन महिन्यांत ओळीने वाचला जाऊ लागला. बुद्ध मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष देणारा नव्हे, असे हा ग्रंथ बजावतो. म्हणजे इथे आधार घ्यायचा तो प्रश्न विचारण्याची मुभा ठेवून. वाचनाची रीत पाहिली तर विहार आणि सप्ताहाचा मांडव यांत बरेच साम्य आढळते: ठरलेला काळ, एक वाचणारा, बाकीचे ऐकणारे, शेवटी भोजनदान. हे साम्य दोन्हीकडच्यांना फारसे रुचणार नाही, पण ते आहे.

जुन्या ग्रंथांशी असे गुंतागुंतीचे नाते ख्रिस्ती मराठीतही दिसते. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत राहिले. पंडिता रमाबाईंना संस्कृत पुराणे लहानपणापासून मुखोद्गत होती, घर पुराणे सांगत फिरणारे होते, आणि दुष्काळात त्याच घरातली माणसे उपासमारीने गेली. त्या ग्रंथांत त्यांना पुढे आसरा सापडला नाही. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा स्वतः मराठी अनुवाद केला. तो १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठांतर अफाट असूनही आधार मिळाला नाही, असे हे उदाहरण पठणवाद्यांनी विचारात घ्यायला हवे.

प्रयोगशाळेचे म्हणणे

या वादात आता वैद्यकही आले आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास आला. २३ निरोगी माणसांनी लॅटिन जपमाळ किंवा बौद्ध मंत्र म्हटला की श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते, असे त्यांना आढळले. दोन वेगळ्या धर्मांचे शब्द आणि परिणाम सारखाच. कौत्स खूश झाला असता. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात २१ यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूची तुलना इतर २१ जणांशी केली आणि स्मृतीशी संबंधित भागांत फरक दिसले. पण पठण सुरू करण्यापूर्वीचे मोजमाप नसल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत ही अट गळून जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांचे काम मला अधिक उपयोगी वाटते. धर्माच्या आधाराने संकट सोसण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी वेगळ्या केल्या. देव आपल्याबरोबर आहे अशी भावना एकीकडे. देव शिक्षा करतो आहे, त्याने टाकले आहे ही भावना दुसरीकडे. २००१ च्या एका अभ्यासात ५९६ वयस्कर रुग्णांपैकी ज्यांच्यात ही दुसरी भावना तीव्र होती, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. हे संशोधन ख्रिस्तीबहुल समाजातले आहे, तरी आपल्याकडचे रूप ओळखायला अवघड नाही: पारायणात खंड पडला म्हणून मूल आजारी पडले, सोवळे मोडले म्हणून नोकरी गेली. तीच पोथी एका घरात दिलासा देते आणि दुसऱ्या घरात धाक. पठण की अर्थ, एवढ्याच चौकटीत हा फरक बसत नाही.

काय सुटायचे राहिले

आजवरची चर्चा ग्रंथाच्या शब्दांभोवती फिरत राहिली आणि वाचनाभोवतीच्या माणसांकडे तिचे कमी लक्ष गेले, असे माझे मत आहे. सप्ताहात विणेकऱ्याचा पहारा रात्रभर बदलत राहतो, पंगतीत शेजारी बसलेला विचारपूस करतो, दुःखात असलेल्याला घरातून बाहेर पडायला निमित्त मिळते. ख्रिस्तपुराण, विहारातले वाचन आणि ज्ञानेश्वरीचे पारायण यांचे सिद्धांत एकमेकांशी जुळत नाहीत. सोबत आणि नेम मात्र तिन्हीकडे आहेत. या मताविरुद्ध मोठा आक्षेप आहे तो मंडालेच्या कोठडीचा. टिळकांपाशी मंडळ नव्हते, सप्ताह नव्हता, तरी ग्रंथाने त्यांना धरून ठेवले. शिवाय आज हजारो माणसे कानात हेडफोन घालून एकेकटी पोथी ऐकतात. त्यांना मिळणारा आधार मांडवातल्या आधारासारखाच आहे का, हे ठरवण्याइतका अभ्यास अजून झालेला नाही.

दुसरा न सुटलेला प्रश्न निवडीचा. दुखावणारे अध्याय गाळून पोथी छापावी का? सुधारक म्हणतील छापावी. परंपरेचे अभ्यासक म्हणतील की ग्रंथ इतिहास म्हणूनही जपायचा असतो. टीप देऊन मूळ मजकूर कायम ठेवण्याचा मधला मार्ग सार्थ प्रतींना मोकळा आहे, पारायणाच्या प्रतींना नाही.

तिसरा प्रश्न थांबायचा नाही. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत असे दिसले. त्यांतले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या पोथीपर्यंत पोहोचलेले असणार. दुःख आणि आजार यांतली रेषा पोथी आखू शकत नाही, प्रवचनकारही नाही. पण महिनोन्महिने झोप नसलेला, मरणाचे बोलणारा श्रोता प्रवचनकाराला डॉक्टरच्या आधी भेटतो. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. सप्ताहाच्या मांडवात, विहारात आणि चर्चच्या फलकावर कार्यक्रमपत्रिकेखाली हा क्रमांक लिहिला जावा. त्याला कोणत्याही संप्रदायाची हरकत असण्याचे कारण नाही.